दुसरी बाटली

सांगली, ८ जुलै २०२४

पूजा,

आधी औषध पाज, मग पत्र वाच.

आज ओपीडीत तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तीस पोरं एका सुरात रडत होती आणि तू प्रत्येक वाक्याला मान डोलावत होतीस. तुझी ती मान मी लहानपणापासून ओळखते, ऐकू आलं नाही की तू जास्तच डोलावतेस. फोनवर तुला निम्मं कळत नाही. मेसेज करावा तर घरातला मोबाईल आधी तुझ्या दिराच्या हातात, मग जाऊबाईंच्या, आणि सगळ्यांचा वाचून झाला की तुझ्या. म्हणून हे पाकीट मानसिंगकडे देतेय. तो आमच्या अभ्यासातला फिरता माणूस. दर तीन-चार दिवसांनी मोटारसायकलवरून घरोघर जाऊन पोरांची कार्डं तपासतो.

आता नीट वाच. दोन वर्षांखालच्या पोराच्या कानात पू झाला तर अँटिबायोटिक पाच दिवस पुरतं की दहा दिवस द्यावं लागतं, हे आम्ही ताडून बघतोय. पहिली बाटली सगळ्यांना सारखीच, खऱ्या औषधाची. सहाव्या दिवशी मानसिंग दुसरी बाटली आणून देईल. निम्म्या पोरांच्या दुसऱ्या बाटलीत तेच औषध असतं आणि निम्म्यांच्या बाटलीत तशाच रंगाचं, तशाच चवीचं साधं सरबत. कुणाला काय मिळालं हे मला माहीत नाही आणि डॉक्टरीणबाईंनाही नाही. यादी दुसरीकडेच कुलपात असते. तू सही केलीस त्या कागदावर हे सगळं छापलंय, पण तू तो वाचला नसणार.

घाबरू नकोस. ताप परत आला, कान वाहिला, पोर जास्त रडायला लागलं, काहीही झालं तरी तसंच उचलून आणायचं. मग अभ्यास गेला उडत, त्याच दिवशी दुसरं औषध सुरू होतं. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीस तरी पुरे.

सृष्टी माझी भाची, म्हणून तिच्या कार्डाला मी हात लावायचा नाही असं बाईंनी बजावलंय. मी म्हटलं, बरं झालं, मावशीच्या हाताला तशीही लुडबुडीची खोडच आहे.

तुझी ताई,
राजनंदिनी


पलूस, ११ जुलै २०२४

ताई,

ताप उतरला. सृष्टी काल पहिल्यांदा दुखऱ्या कानाच्या कुशीवर झोपली. जाऊबाईंच्या साईराजचाही कान वाहायचा थांबला. जाऊबाई म्हणतात, दोघांना एकदम दुखलं तसं दोघांना एकदम बरं वाटलं. दीड वर्षाचा तो आणि सव्वा वर्षाची ही, पण सर्दीसुद्धा एकमेकांना विचारून होते.

औषध मी स्वतः मोजून देते. सिरिंज डोळ्यांसमोर धरते. दिलं की लगेच कार्डावर खूण. आत्याबाई शेजारी बसून बघतात. तुला आमच्या सासूबाई माहीतच आहेत. दूध दोन वाट्यांत ओतलं की वाट्या शेजारी ठेवून, खाली वाकून पातळी बघतात. एकीत चमचाभर जास्त झालं की दुसरीत टाकतात. "माज्या घरात पोरं दोन, न्याय एक," असं सारखं चालू असतं. जाऊबाईंना आणि मला लग्नानंतर साड्यासुद्धा एकाच रंगाच्या मिळाल्या, तेव्हा तू केवढी हसली होतीस.

पण ताई, ते सरबताचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझा कान कसा गेला ते तुला सांगायला नको. तू दहा वर्षांची होतीस, तूच माझं डोकं मांडीवर धरलं होतंस. कुणी म्हणालं कोमट तेल घाला, कुणी म्हणालं आपोआप बरं होतं. डावा पूर्ण गेला आणि उजवा निम्मा. वर्गात बाई काय म्हणाल्या ते मी पोरींच्या तोंडाकडे बघून ओळखायची. लग्नात मंगलाष्टकं मला कळलीच नाहीत, लोकांनी अक्षता टाकल्या तेव्हा समजलं. सृष्टीचं असं होता कामा नये. बाकी तिचं काहीही होऊ दे, काळी होऊ दे, अडाणी राहू दे, पण तिला ऐकू आलं पाहिजे.

हे तर सीमेवर. त्यांना फोनवर सगळं बरं आहे एवढंच सांगते.

तू तिथं एवढी वर्षं आहेस. कुणाच्या बाटलीत काय, तुला काहीच कळत नाही? खरं सांग.

पूजा


सांगली, १२ जुलै २०२४

पूजा,

तू म्हणजे अगदी पोलीस खात्यात जायची बाई. नाही कळत गं. कळत असतं तर अभ्यासाला अर्थ काय?

तरी तुझं ते लग्नाचं वाचून मला राहवेना, म्हणून एक सांगते. वाचून फाडून टाक, आणि मानसिंगपुढे तर अवाक्षर काढू नकोस. दीड वर्ष मी या बाटल्या हाताळतेय. उकळून गार केलेलं पाणी घालून हलवून ठेवलं की काहींच्या तळाशी घट्ट गाळ बसतो, काही पातळच राहतात. आमच्या स्टोअरमध्ये आम्ही दोघी-तिघी गमतीनं म्हणतो की गाळवाली खरी आणि पातळ ती सरबताची. औषधाची पूड जड असते ना, म्हणून. पण हा नुसता आमचा रिकामपणाचा अंदाज. बाईंना कळलं तर मला उभी चिरतील.

आणि समजा पातळ आली, तरी तुला काय करायचंय? पाच दिवसांचं खरं औषध पोटात गेलेलंच आहे. पुष्कळ पोरं तेवढ्यावर बरी होतात. तू आपली येईल ती बाटली दहाव्या दिवसापर्यंत पाज आणि पोरीवर नजर ठेव.

मानसिंग उद्या दुसऱ्या बाटल्या घेऊन येतोय, त्याच्याबरोबरच हे पत्र.

ताई


पलूस, १७ जुलै २०२४

ताई,

औषध संपलं. वीसच्या वीस खुणा झाल्या, मानसिंगभाऊंनी आज कार्डं आणि बाटल्या नेल्या. दोन्ही पोरं बरी आहेत. सृष्टी जरा किरकिर करते, दाढा येतायत. पाऊस लागून राहिलाय म्हणून कुंची घालूनच ठेवते.

तुझं पत्र चुलीत घातलं.

फार लिहीत नाही, उसाच्या लागणीवर बायका आल्यात, त्यांचा चहा ठेवायचाय.

पूजा


सांगली, १८ जुलै २०२४

पूजा,

एवढंसं पत्र? मागच्या वेळी चार पानं आणि आता चहा आठवला. पण सगळं ठीक आहे म्हणतेस तर मी कशाला कुरकुरू! मानसिंग म्हणाला, भाची कुंचीत गुरफटून आईच्या खांद्याला चिकटून होती, तोंडसुद्धा दाखवलं नाही.

तरी माझ्या समाधानासाठी एकदा बघ. कानामागे लाल सूज, कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, ताप, मान ताठ होणं, यातलं एक जरी दिसलं तरी बावीस तारखेच्या तपासणीची वाट बघायची नाही. मिळेल ती गाडी पकड आणि ये. मी दारात उभी असेन.

ताई


सांगली, १९ ऑगस्ट २०२४

पूजा,

पंचवीस दिवस आपण एकाच इमारतीत होतो आणि एक शब्द धड बोललो नाही. तू तिच्या खाटेशी, मी आत-बाहेर. आता तुम्ही घरी गेलात तेव्हा लिहायला बसलेय.

सृष्टी वाचली. तू वीस जुलैला तिला आणलंस तेव्हा ती वाचेल असं बाईंनाही वाटलं नव्हतं. कानामागचं हाड सडलं होतं आणि पू मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. ऑपरेशनच्या वेळी मी बाहेर बाकावर बसले होते. मी नर्स आहे, आत काय चाललंय ते मला पायरी-पायरीनं माहीत होतं आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता. तुझ्या जागी मी असते तर किंचाळले असते.

आता विचारते त्याचं खरं उत्तर दे. तुम्ही परत दिलेल्या बाटल्या मानसिंगनं जमा केल्या तेव्हा त्याच्या एक लक्षात आलं. तुम्हाला देताना एक घट्ट होती आणि एक पातळ. परत आल्या तेव्हा दोन्हींच्या तळाशी सारखाच गाळ होता, अगदी जुळ्यांसारखा. त्यानं तसं लिहून ठेवलंय. बाईंनी मला विचारलं, मी म्हटलं माहीत नाही. मला खरंच माहीत नाही. पण बाटल्या दिल्या तेव्हा कुणाची पातळ होती, हे मी मानसिंगला विचारलं. सृष्टीची.

त्या पाच दिवसांत घरात काय झालं?

ताई


पलूस, २८ ऑगस्ट २०२४

ताई,

आधी तिचं सांगते. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात कुकरपासून हातभर अंतरावर खेळत होती. शिट्टी झाली. मला या निम्म्या कानानं ऐकू आली, साईराज दचकून रडायला लागला. ती भांड्यात भांडं घालत राहिली. मी दुसरी शिट्टी होऊ दिली, तिसरी होऊ दिली. चौथीला जाऊबाईंनी गॅस बंद केला.

परवा मिरजेला तपासणी झाली. झोपेचं औषध देऊन डोक्याला वायरी लावल्या. मशीनच्या कागदावर आवाजाला चढउतार यायला हवेत, तिथं सरळ रेषा. डावा कान आणि उजवाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर असं, की आत्याबाईंनी दोन्ही बाटल्यांतलं औषध एकत्र केलं. एक घट्ट आणि एक पातळ, हे त्यांना बरोबर वाटलं नाही. त्यांनी स्टीलचं पातेलं उकळत्या पाण्यानं धुतलं, दोन्ही बाटल्या ओतल्या, चमच्यानं ढवळलं आणि परत दोन्हीत सारखं भरलं. वाकून पातळी बघितली. पाचही दिवस दोघांना तेच दिलं. त्यांच्या मनात पाप नव्हतं. त्यांना वाटलं, निम्मं निम्मं तरी दोघांना लागेल.

आता त्यांना सगळं कळलंय. गावातल्या बायका भेटायला येतात आणि त्या प्रत्येकीला सांगतात, "म्या घालवली पोरीला. ह्या हातानं घालवली." मीठ सोडलंय. पोरांच्या दुधाला हात लावत नाहीत.

पूजा


सातारा, १० सप्टेंबर २०२४

पूजा,

पत्ता बघून कळलंच असेल. माहेरी आलेय, राहायला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी बाईंना सगळं सांगितलं. पातेल्याचं सांगितलं आणि माझ्या पत्राचंही, गाळाचं. ते सांगायची गरज नव्हती, तू जाळलं होतंस, कुणाला कळलं नसतं. पण त्या म्हाताऱ्या बाईनं मीठ सोडलंय हे वाचल्यावर मला ते लपवता येईना. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "नंदिनी, तुला तिची भीती घालवायची होती आणि तू ती वाढवलीस." दुसऱ्या दिवशी मला कामावरून कमी केलं. दोन्ही पोरांची कार्डं अभ्यासातून बाद झाली.

अशा वेळी कुलपातली यादी फक्त त्या पोरांपुरती उघडता येते. ती उघडली. मला दाखवली. तू मला त्याबद्दल विचारू नकोस.

एवढं मात्र बाईंनी तुला कळवायला सांगितलंय, की बाटल्या मिसळल्या नसत्या तर हे नक्की टळलं असतं, असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. दहा दिवस पूर्ण औषध घेऊनही एखाद्या पोराचं बिघडतं. पण सूज दिसल्याबरोबर आणलं असतं तर कान वाचायची आशा पुष्कळ होती, असंही त्या म्हणाल्या. तुम्हाला सूज कधी दिसली?

इथं शेजारी गणपतीची आरती चाललीय. मी दार लावून घेतलंय.

ताई


पलूस, १५ सप्टेंबर २०२४

ताई,

तू नोकरी घालवून खरं बोललीस. आता मलाही लिहू दे.

तेरा तारखेला मानसिंगभाऊ बाटल्या देऊन गेले. मी दोन्ही हलवल्या आणि खिडकीत ठेवल्या. तासाभरानं बघितलं, साईराजच्या बाटलीला गाळ आणि सृष्टीची पातळ. मला वाटलं, माझ्याच पोरीच्या नशिबी पाणी. ताई, माझ्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं ते तुला सांगते. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलाव्यात असं आधी मनात आलं. तेवढं धाडस झालं नाही. मग मी पदर डोक्यावरून घेऊन आत्याबाईंजवळ गेले आणि म्हणाले, "आत्याबाई, बघा की, एकाला घट्ट, एकाला पातळ. जाऊबाईंच्या पोराला चांगलं औषध आणि माझ्या पोरीला हे असलं. तुमच्या घरात असं कधी झालं नव्हतं." बस, एवढंच म्हणाले. पुढं त्या काय करणार हे मला माहीत होतं. सहा वर्षं त्यांना वाट्यांवर वाकताना बघत आलेय. पातेलं त्यांनी धुतलं, पण ते मी धुवायला लावलं.

आणि सूज सतरा तारखेला सकाळी दिसली. कानामागे बोराएवढी लाल. त्या दिवशी कार्ड द्यायचं होतं. मला वाटलं, मानसिंगभाऊंनी बघितलं तर सांगलीला न्यायला लावतील, तिथं बाटल्यांचं विचारतील, मिसळलेलं उघडं पडेल आणि घरात माझं तोंड काळं होईल. म्हणून मी कुंची घातली आणि नाड्या घट्ट बांधल्या. पाऊस तर होताच. ते गेल्यावर कुंची काढली तर तिनं माझा हात ढकलला. दोन दिवसांनी तुझं पत्र आलं, त्यात तू तेच सगळं लिहिलं होतंस. मी वाचलं आणि पुन्हा कुंची घातली. आत्याबाई म्हणाल्या, "सारखी कुंची कशाला गं, उकाडतंय तिला." मी म्हटलं, सर्दी आहे. वीस तारखेला ती डोळे फिरवायला लागली तेव्हा मी गाडी बोलवा म्हणाले.

मला कमी ऐकू येतं म्हणून लोकांनी मला आयुष्यभर मूर्ख समजलं. मूर्ख असते तर बरं झालं असतं.

परवा घरगुती गणपती पोचवायला गेलो. हलगी अगदी कानाशी वाजत होती. सृष्टी माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती, तिची पापणीही हलली नाही. आत्याबाई बाजूला चालत होत्या, त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि तिथंच रस्त्यात बसल्या.

आता सांग. यादीत काय होतं? विचारू नकोस म्हणालीस तेव्हाच मला निम्मं कळलं. उरलेलं तू तुझ्या हातानं लिही.

पूजा


सातारा, १९ सप्टेंबर २०२४

पूजा,

तीन कागद फाडले. हा चौथा.

सृष्टीच्या बाटलीत औषध होतं. तिला पूर्ण दहा दिवस मिळणार होतं. साईराजच्या बाटलीत सरबत होतं. सरबत औषधासारखं दिसावं म्हणून त्यात घट्टपणासाठी काहीतरी घालतात, तोच गाळ खाली बसतो. आमच्या स्टोअरमधला अंदाज नेमका उलटा होता.

तू तिचं निम्मं औषध काढून घेतलंस. ते मी तुला काढून घ्यायला शिकवलं. कुंचीचं पाप तुझं एकटीचं आहे, ते मी वाटून घेऊ शकत नाही. बाकीचं माझं आहे, आणि ते तू मला कमी करून देऊ नकोस.

तुला यायचं असलं तर ये. येऊ नये वाटलं तरी मला समजेल.

ताई


पलूस, २ ऑक्टोबर २०२४

ताई,

मी येत नाही. इथून आता मला हलता येणार नाही. का ते सांगते.

तुझं पत्र चार दिवस ब्लाऊजमध्ये घेऊन फिरले. त्या चार दिवसांत आत्याबाईंनी आणखी दोन बायकांपुढे स्वतःला दोष दिला आणि मी चहा नेऊन ठेवला. पाचव्या दिवशी सकाळी सगळे जेवायला बसले असताना मी उभी राहून सांगितलं. बाटल्यांचं सांगितलं, मी आत्याबाईंना काय म्हणाले ते, आणि कुंचीचंही. मग तुझं पत्र वाचून दाखवलं. मला माझाच आवाज नीट ऐकू येत नाही, त्यामुळे मी फार मोठ्यानं वाचलं असेन.

जाऊबाईंशेजारी बसलेले जयराजभावजी ताटावरून उठून रानात गेले. जाऊबाईंनी एकच विचारलं, "म्हंजे माजं पोरगं तिच्या औषधावर बरं झालं?" मी म्हटलं, पाच दिवसांतच बरं झालं असेल, कुणाला माहीत. त्यांनी साईराजला उचललं आणि खोलीत गेल्या. तेव्हापासून त्या सृष्टीकडे बघत नाहीत. रागानं नाही, त्यांना बघवतच नाही.

मला वाटलं आत्याबाई मारतील, निदान घराबाहेर काढतील. त्या म्हणाल्या, "वतलं म्याच. त्ये काय तुज्या बोलन्यानं बदलत न्हाई. पर दोन म्हयनं तू मला जळताना बघत व्हतीस, पूजा. च्या आनून देत व्हतीस." एवढंच. त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत.

ह्यांना मी स्वतःच फोन केला. त्यांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा सांगा म्हणायची हिंमत झाली नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज तेवढा कळला. सुट्टी घेऊन येतायत, बारा तारखेला, असा मागून घरच्या मोबाईलवर मेसेज आला.

मिरजेचे डॉक्टर म्हणतात, कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन होतं, सरकारी योजनेत बसेल. पण या आजारानं आतली नळी हाडानं भरत चाललीय. उजव्या कानात आता जमणार नाही, डाव्यात अजून जागा आहे, महिन्याभरात केलं तर. नाव घातलंय. आमच्यापुढे अकरा पोरं आहेत.

ताई, तिला आजाराआधी चार शब्द येत होते. ऐकू यायचं बंद झाल्यावर एकेक शब्द जायला लागला. बोललेलं स्वतःलाच ऐकू येत नाही, मग पोर बोलायचं सोडतं, असं डॉक्टर म्हणाले. "आई" सगळ्यांत आधी गेला. मग "भूभू", मग "दे". शेवटी "आजी" तेवढा उरला होता. गेल्या मंगळवारपासून तोही नाही.

हे मी पाटीवर लिहून जाऊबाईंपुढे ठेवलं, कारण माझ्या तोंडचं आत्याबाई ऐकत नाहीत. आणि त्यांना वाचता येत नाही. जाऊबाईंनी वाचून सांगितलं. तेव्हापासून सकाळी उठल्यावर त्या सृष्टीला मांडीवर घेऊन अंगणात बसतात आणि तिच्याशी बोलतात. गाय दाखवतात, ऊस दाखवतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं सांगतात, दुपारपर्यंत घसा बसतो तरी थांबत नाहीत. पोर त्यांच्या तोंडाकडे बघत राहते. शेजारचे म्हणतात, म्हातारीला सांगा, तिला ऐकू येत नाही.

मी सांगत नाही. मी चुलीपाशी बसून ऐकते. त्या एवढ्या मोठ्यानं बोलतात की मलासुद्धा शब्दन्‌शब्द कळतो.

पूजा